मेडिकेशन सेफ्टीचा गेम घ्यायचाय? आधी एवढं तयार ठेवा

सगळ्यात आधी स्टॉपवॉच बाजूला ठेवा. पेशंटला औषध देताना चुका कशा टाळायच्या हे शिकवणारा हा गेम, आणि वेगाला पॉइंट दिले की नर्सिंगची मुलं लेबल न वाचताच पळतात आणि तीच सवय वॉर्डात घेऊन जातात, म्हणून पॉइंट थांबून वाचण्याला आणि शंका विचारण्याला.

मग ट्रॉली लावा. औषधाच्या रिकाम्या व्हायल-अँप्युल (इंजेक्शनच्या छोट्या बाटल्या) जमवायच्या, प्रत्येकीवर ‘फक्त सरावासाठी’ चिकटवायचं, मोजून आकडा लिहून ठेवायचा. नावं सारखी वाटणारी औषधं मुद्दाम शेजारी, डोपामिनला लागून डोब्युटामिन, आणि स्टराइल वॉटरच्या अँप्युलमध्ये एक पोटॅशियम क्लोराइडची घुसवून द्यायची. डायल्यूट न करता ते शिरेतून दिलं तर हृदय बंद पडू शकतं, हे पुस्तकात सगळ्यांनी वाचलेलं असतं, पण स्वतःच्या ट्रेमध्ये ती अँप्युल निघाली की चेहराच बदलतो.

इन्सुलिनच्या टेबलाला भरपूर वेळ ठेवा, माझ्या मते अख्ख्या गेममधलं हेच सगळ्यात महत्त्वाचं. यू-४० आणि यू-१०० (एका एमएलमध्ये ४० आणि १०० युनिट) दोन्ही व्हायल, यू-४० साठीच्या लाल टोपीच्या आणि यू-१०० साठीच्या केशरी टोपीच्या सिरिंज, सगळं मिसळून, आणि ऑर्डर २० युनिटची. यू-१०० इन्सुलिन लाल टोपीच्या सिरिंजमध्ये २० च्या रेघेपर्यंत भरलं तर पेशंटला ५० युनिट जातात, हा हिशोब त्यांनाच करू द्या, तुम्ही आधी बोलू नका प्लीज.

कॅल्क्युलेशनची कार्डं थोडीच पुरतात. १२ किलोचं बाळ, पॅरासिटामॉल किलोमागे १५ मिलिग्रॅम, म्हणजे १८०. ५ एमएलमध्ये १२५ वालं सिरप असेल तर ७.२ एमएल, २५० वालं असेल तर ३.६, आणि एमएलला १०० वाले ड्रॉप्स असतील तर फक्त १.८.

पेशंट म्हणून दोन मुली झोपवा, दोघी सुनीता पाटील, आयपीडी नंबर (भरती पेशंटचा नंबर) वेगळे. एकीला सांगून ठेवा की काहीही विचारलं तरी हो म्हणायचं, म्हणजे ‘तुम्ही सुनीता पाटील ना?’ असं न विचारता ‘तुमचं पूर्ण नाव सांगा’ का म्हणायचं आणि मनगटावरचा नाव-नंबरचा बँड का बघायचा ते आपोआप कळतं. तिसरी नातेवाईक, औषध भरताना मध्येच येऊन ‘सिस्टर, सलाइन संपलं’ म्हणणारी.

चर्चेला निदान खेळाइतकाच वेळ राखून ठेवा, त्यात ‘कोणी चुकलं’ नको, ‘कुठे चुकू शकलं असतं’ विचारा. आणि लॅब बंद करण्याआधी व्हायल परत मोजा, सरावातली एकसुद्धा वॉर्डात जाता कामा नये.