वू त्सूग्वांग यांच्यावर चरित्रलेख कसा लिहावा

वू त्सूग्वांग हे चिनी नाटककार आणि चित्रपट-दिग्दर्शक. लेखाची सुरुवात नावापासून करा. चिनी नावात आडनाव आधी येतं, म्हणून लेखात पुढे 'वू' म्हणावं. 'ग्वांग' म्हटलं तर चूक. रोमन लिपीत 'त्सू' हे अक्षर आजच्या पिनयिन पद्धतीत 'झेड'नं सुरू होतं, जुन्या इंग्रजी पुस्तकांत 'टी-एस'नं. ग्रंथालयात दोन्ही स्पेलिंगं शोधा, नाहीतर जुनी पुस्तकं हाती लागणारच नाहीत. चिनी लिपीतही 'वू' हे अक्षर साध्या आणि पारंपरिक वळणात वेगळं दिसतं. त्यांच्या हाँगकाँगच्या काळातल्या चित्रपटांसाठी पारंपरिक वळणानं शोध घ्यावा.

मग एका मोठ्या कागदावर तीन रकाने आखा: साल, काम, आणि ते काम कोणी, कशानं थांबवलं. तिसरा रकाना सर्वांत महत्त्वाचा. तो नसला की 'कम्युनिस्ट राजवटीनं छळ केला' एवढ्या एका वाक्यात सगळं आयुष्य गुंडाळलं जातं, आणि ते अर्धंच खरं असतं. वूंचं गाजलेलं नाटक 'हिमवादळातल्या रात्री परतणारा' १९४२चं. त्याचा नायक ऑपेरातला स्त्रीपार्टी नट. एका बड्या अधिकाऱ्याच्या रखेलीवर त्याचं प्रेम जडतं आणि शेवटी तो बर्फात मरतो. छोंगछिंग शहरात प्रयोग झाल्यावर त्यावर बंदी आली ती क्वोमिन्तांगची, म्हणजे कम्युनिस्टांआधीच्या सरकारची. १९४५मध्ये वू तिथल्या एका सायंदैनिकाची पुरवणी पाहत होते. माओंची 'हिम' ही कविता त्याच पुरवणीत छापली गेली. ही नोंद वगळू नका, बारा वर्षांनी, १९५७ला, जे घडलं त्याची धार तिच्यामुळेच कळते.

हाँगकाँगमध्ये असताना १९४८ साली वूंनी याच नाटकावर त्याच नावाचा चित्रपट दिग्दर्शित केला. त्यामुळे प्रत्येक उल्लेखात 'नाटक' की 'चित्रपट' ते साल घालून लिहा. १९४९ला ते बीजिंगला परतले. १९५५चा मेइ लानफांग यांच्या रंगमंचकलेवरचा चित्रपट त्यांच्याच दिग्दर्शनातला. मेइ लानफांग चिंगच्यूचे, म्हणजे पेकिंग ऑपेराचे, नट. वूंच्या पत्नी शिन फंगश्या फिंगच्यू या दुसऱ्या ऑपेराप्रकारातल्या अभिनेत्री. रोमनमध्ये एका अक्षराचा फरक, पण संगीत आणि परंपरा वेगळी. इथे घोटाळा हमखास होतो.

सर्वांत जास्त वेळ १९५७ला द्या. 'मोकळेपणानं बोला' असं कम्युनिस्ट पक्षानंच सांगितलं, वू एका बैठकीत कलाक्षेत्रातल्या पक्षाच्या हस्तक्षेपाविरुद्ध बोलले. ते भाषण पुढे छापलं गेलं ते 'पक्षानं कलेचं नेतृत्व लवकर सोडावं' अशा अर्थाच्या मथळ्याखाली. मथळा वूंचा नव्हता. तो त्यांच्या तोंडी घातलात तर आरोपपत्रच पुन्हा लिहिल्यासारखं होईल.

त्यानंतर त्यांना 'उजवे' ठरवलं गेलं. हा शब्द मराठीत अवतरणचिन्हांत ठेवा आणि पहिल्याच वेळी खुलासा करा. आपल्याकडे 'उजवा' म्हणजे सरस, किंवा राजकारणात उजव्या विचारांचा; तिथे तो सुमारे साडेपाच लाख माणसांवर मारलेला सरकारी शिक्का होता. चिनीत याला 'टोपी घालणं' म्हणतात. ते शब्दशः उतरवू नका, मराठी वाचक 'फसवलं' असं समजेल. 'शिक्का मारला' लिहा. त्याहून नाजूक फरक पुढे आहे: शिक्का काढणं वेगळं आणि मूळ निर्णयच चुकीचा होता हे मान्य करणं वेगळं. शिक्का काढलेला माणूसही कागदोपत्री 'माजी उजवा' राहायचा. माओंच्या मृत्यूनंतरच निर्णय दुरुस्त होऊ लागले. दोन्हींसाठी 'पुनर्वसन' हा एकच शब्द वापरला की मधली सगळी वर्षं नाहीशी होतात.

१९५८ ते १९६० वू ईशान्येकडच्या बेइदाहुआंगच्या कडाक्याच्या थंडीत सक्तमजुरीवर होते. शिन फंगश्यांवर घटस्फोटासाठी दबाव आला. ऑपेरातली वांग पाओछुआन नवऱ्यासाठी अठरा वर्षं थांबली, मी अठ्ठावीस थांबेन, असं त्यांनी सांगितलं. ही कथा चिनी प्रेक्षकाला तोंडपाठ असते, मराठीत मात्र एका ओळीत सांगावी लागते, नाहीतर उत्तरातला जोर जातो. 'उजवे'पणाचा शिक्का शिन फंगश्यांवरही बसला. सांस्कृतिक क्रांतीत मारहाण झाली, १९७५मध्ये पक्षाघातानं त्यांचा रंगमंच सुटला. मग त्यांनी आठवणी लिहिल्या. त्या वापराव्यात, पण अनेक वर्षांनंतर लिहिलेल्या आहेत हे लक्षात ठेवून. तारखा दुसरीकडे ताडून घ्या.

शेवटची सापळ्याची नोंद १९८७ची. त्या वर्षी काही लेखक-विचारवंतांची पक्षातून हकालपट्टी झाली, म्हणून वूंबद्दलही तोच शब्द सर्रास वापरला जातो. प्रत्यक्षात १९८०मध्ये पक्षात आलेल्या वूंच्या घरी हू छ्याओमू हे ज्येष्ठ नेते स्वतः गेले, राजीनामा मागितला, आणि वूंनी तो दिला. तिसऱ्या रकान्यात 'राजीनामा मागितला' असंच लिहा.