गच्चीवर प्रेत, फोनवर मॅच: विनोदी रहस्यपट लिहायला बसण्याआधी

डेटिंग ॲपवर ओळख, पहिली भेट आणि खून, एवढं सुचलं की भरत नाट्य मंदिरात पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धा गाजवून आलेली पोरं भराभर पटकथा लिहितात, शूट करतात आणि हार्ड डिस्क घेऊन माझ्याकडे येतात. मी संकलक आहे, पुण्यात नळ स्टॉपजवळ माझं एडिटिंगचं टेबल आहे. या फिल्म बहुतेक एकाच जागी आडव्या होतात. सुरुवातीची चाळीस मिनिटं धमाल, मग खून होतो आणि सगळे एकदम गंभीर चेहरे करून फिरायला लागतात. विनोद एकीकडे, रहस्य एकीकडे. हा सांधा टेबलावर जुळत नाही, तो लिहितानाच जुळलेला लागतो.

तो जुळवायची रीत एकच. प्रेक्षक सुरुवातीला ज्याच्यावर हसला, तेच शेवटी पुरावा म्हणून परत आणायचं. हसणारा माणूस शंका घेत नाही, त्यामुळे धागादोरा लपवायला विनोदासारखी जागा नाही. डेटिंग ॲप तर हे फुकटातच देतं. एरवी प्रत्येक संशयिताला खोटं बोलायचं कारण शोधून द्यावं लागतं. इथे फिल्म सुरू व्हायच्या आधीच सगळे खोटं बोलून बसलेले असतात.

म्हणून आधी बळीचं प्रोफाइल लिहा, पटकथा नंतर. खरोखर कागदावर लिहा. समजा, त्याचं नाव निनाद. वय ३४, ‘ट्रेकर, डॉग लव्हर, फूडी’. आता प्रत्येक शब्दासमोर खरं काय ते मांडा. वय ४३. ट्रेक म्हणजे सिंहगडावर पार्किंगपर्यंत गाडीनं आणि मग पिठलं-भाकरी. कुत्रा उसना. इथपर्यंत कुणालाही सुचतं. पुढचा कॉलम महत्त्वाचा: या खोट्यातून पोलिसांना काय कळेल? कुत्र्याचंच बघा. निनादच्या सोसायटीत पाळीव प्राण्यांना बंदी आहे आणि तशी पाटी सेक्रेटरीनं लिफ्टमध्ये तीन ठिकाणी लावली आहे. पाटीवर प्रेक्षक हसेल. तासाभरानं फौजदार विचारेल, मग कुत्र्याबरोबरचा हा फोटो कुणाच्या घरी काढला?

फोटोंवर जास्त वेळ घालवा. पुण्याचा नकाशा इतक्या वेगानं बदललाय की फोटोची मागची बाजूच तारीख सांगते. निनादच्या फोटोत मागे चांदणी चौकातला जुना पूल ठेवा. नायिकेची मैत्रीण झूम करून म्हणते, “अगं, हा पूल २ ऑक्टोबर २०२२ ला पाडला. आमचे बाबा रात्री एक वाजता टीव्हीसमोर बसले होते. स्फोट करूनही पूर्ण पडला नाही, मशीन लावावं लागलं, तर आठवडाभर तेच बोलत होते. हा पोरगा चौतिसाचा कधी होता?” हशा. आता त्याच फोटोत निनादच्या गॉगलमध्ये फोटो काढणारी व्यक्ती दिसते असं ठेवा. शेवटी ती व्यक्ती संशयितांपैकी एक निघते, आणि तिनं जबाबात सांगितलेलं असतं की निनादची ओळख गेल्या महिन्यात ॲपवर झाली. पूल नसताना ओळख झाली म्हणणारा माणूस पूल असताना फोटो काढत होता. गुन्हा उकलला. अट एवढीच की गॉगलमधलं प्रतिबिंब पहिल्या वेळीही पडद्यावर दिसलं पाहिजे. अस्पष्ट चालेल, पण नंतर घुसडलेलं चालणार नाही.

ॲप कसं चालतं हे नीट माहीत करून घ्या, कारण तुमचा प्रेक्षक ते रात्री झोपताना वापरतो. अंतर दाखवणाऱ्या ॲपवर ते साधारणपणे आपण ॲप शेवटचं जिथे उघडलं तिथलं असतं. ‘बेंगळुरूला आहे, ऑफिसचं काम’ म्हणणारा तीन किलोमीटरवर दिसला, तर तो कर्वेनगरात आहे. पैसे भरून आपण दुसऱ्याच शहरात आहोत असं दाखवायची सोयही काही ॲपमध्ये असते. ती कथेत वापरायची असेल तर मध्यंतराच्या बरीच आधी कुणाच्या तरी तोंडून सांगून टाका. आणि अनमॅच केलं, म्हणजे ॲपवर जुळलेली ओळख तोडली, की सहसा सगळं संभाषण दोघांच्याही फोनवरून दिसेनासं होतं. खुन्यासाठी ही सोन्यासारखी सोय! पण मुलगी डेटला निघते तेव्हा त्या संभाषणाचे स्क्रीनशॉट मैत्रिणींच्या ग्रुपवर आधीच पोचलेले असतात, वर त्यावर चर्चासत्र झालेलं असतं. ‘जेवलीस का’ याचा अर्थ काय, यावर चौघी भांडतात तो सीन मोकळेपणानं लिहा, कारण पोलिसांना पुढे तोच ग्रुप वाचायचा आहे, आणि तो मोठ्यानं वाचायचं काम सर्वांत लाजऱ्या हवालदाराला द्या.

लाइव्ह लोकेशनचाही असाच उपयोग. व्हॉट्सॲपवर ते पंधरा मिनिटं, एक तास किंवा आठ तास पाठवता येतं. नायिका एक तास निवडते आणि म्हणते, “याच्यापुढे हा टिकणार नाही.” विनोद झाला. निनाद मात्र बरा निघतो, गप्पा लांबतात, आठ चाळीसला लोकेशन बंद पडतं, खून नऊनंतर होतो आणि त्या वेळी ती कुठे होती याचा तिच्याकडे काहीच पुरावा उरत नाही. एकाच वाक्यानं हसवलंही आणि नायिकेला अडकवलंही.

धोके खरे दाखवा, पण कोरडे नकोत. समोरची व्यक्ती ठरावीक हॉटेलचाच हट्ट धरते आणि दोन ग्लासांचं बिल पगाराएवढं येतं. व्हिडिओ कॉल रेकॉर्ड करून पैसे मागितले जातात. महिनाभर गोड बोलून हळूच गुंतवणुकीचा विषय निघतो. या तिन्ही प्रकारांतून एकेक संशयित उभा राहतो: कुणी फसवलेला, कुणी फसवणारा. फसलेल्याला बावळट दाखवू नका, शहाणी माणसंही फसतात. सायबर फसवणुकीचा १९३० हा क्रमांक सांगायचाच असेल तर इन्स्पेक्टरच्या भाषणातून नको. निनादच्या आईला तो तोंडपाठ असू दे, आणि का पाठ आहे हे उशिरा कळू दे. ‘मुलीनं रात्री जायचंच कशाला’ हे वाक्य ज्या पात्राच्या तोंडी घालाल, ते पात्र पुढे सपशेल चुकलं पाहिजे.

पुण्याचा खास धोका वेगळाच: ओळखीचं कुणीतरी बघतं. वैशाली हॉटेलात टेबलासाठी नाव देऊन उभं राहिलं की पाठीमागून ‘अय्या, तू इकडे कुठे?’ येतंच. मावशीची भिशी शेजारच्या टेबलावर बसवा. या मावशीला निनादनं काय मागवलं, किती उरवलं, बिल कुणी दिलं, सगळं आठवतं. यापेक्षा चांगला साक्षीदार कुठल्याही सीसीटीव्हीला जमणार नाही. तसाही पुण्यात सीसीटीव्ही काय दाखवणार? स्कूटरवर डोळ्यांपर्यंत स्कार्फ, हातात लांब मोजे, वर सनकोट. पौड रोडवर अशा शंभर जणी एका सिग्नलला दिसतात आणि त्यांतला एखादा पुरुषही असू शकतो. उलट पेठेतल्या गल्लीत फुल-फेस हेल्मेटचा पट्टा लावून चाललेला माणूस फौजदाराला ताबडतोब संशयास्पद वाटला पाहिजे. हा विनोद कुणीही वापरा, माझी हरकत नाही.

प्रेत सापडायची जागा हास्यास्पद हवी, रक्त नको. माझी आवडती जागा सोसायटीची गच्ची, सोलर पॅनेलच्या मागे. गरम पाणी का येत नाही म्हणून सेक्रेटरी तावातावानं वर येतो आणि आधी पॅनेल तपासतो. नंतर पंचनाम्याला पंच हवेत म्हटल्यावर मीटिंगला आवर्जून हजर राहणारी सगळी मंडळी आपापली दारं लावून घेतात.

पोलिसांच्या बाबतीत गृहपाठ करा, कारण चूक तिथे लगेच कळते. १ जुलै २०२४ पासून नवे कायदे लागू आहेत. खुनाचं कलम आता भारतीय न्याय संहितेचं १०३ आहे, तीनशे दोन नाही. जुना हवालदार सवयीनं तीनशे दोन म्हणेल आणि नवी फौजदार त्याला दर वेळी दुरुस्त करेल, हे चालतं. झडती-जप्तीचं आता व्हिडिओ रेकॉर्डिंग करावं लागतं, म्हणजे हवालदार मोबाइल आडवा धरायचा की उभा यावरून सीन होतो. हद्दीचा घोळ हवा असेल तर गच्ची सोडा आणि प्रेत मुळा नदीत टाका. बालेवाडीचा काठ पुणे पोलिसांचा, समोरचा वाकडचा काठ २०१८ साली झालेल्या पिंपरी-चिंचवड आयुक्तालयाचा. हद्द आपली नाही म्हणून तक्रार घ्यायला नकार देता येत नाही, झीरो एफआयआर घ्यावाच लागतो, तेव्हा पोलिसांना नियमाप्रमाणे वागवूनच प्रेक्षकाला हसवा. ते जास्त अवघड आहे आणि जास्त मजेशीर.

आता थोडं माझ्या टेबलावरचं. खऱ्या ॲपचं नाव, रंग, चिन्ह वापरू नका, स्वतःचं बनवा. मेसेज पडद्यावर दाखवाल तर मोठ्यानं दोनदा वाचून होईल इतका वेळ ठेवा, आणि लागोपाठ तीनपेक्षा जास्त नकोत. चौथ्याला प्रेक्षक स्वतःचा फोन काढतो. शूट करताना अभिनेत्याच्या हातात बंद स्क्रीन देऊ नका, नजर खोटी पडते. परवानग्यांचं थोडक्यात: रस्त्यावर पोलीस आणि महापालिका, शनिवारवाड्यात पुरातत्त्व खातं, सोसायटीत सेक्रेटरी. शेवटचा सर्वांत कठीण.

शूटच्या आधी पटकथा सात-आठ जणांना मोठ्यानं वाचून दाखवा. त्यांतले निम्मे तरी नाटकवाले नसावेत. कुठे हसतात तिथे पेन्सिलीनं खूण करा. गुन्हा उकलण्याच्या दहा पानं आधी थांबा आणि प्रत्येकाकडून चिठ्ठीवर खुन्याचं नाव घ्या. सगळ्यांनी बरोबर लिहिलं तर सुरुवातीचे विनोद पुरेसे हसवणारे नाहीत. कुणालाच जमलं नाही तर तुम्ही काहीतरी लपवलंय. एक-दोघांनी बरोबर लिहून वर ‘पण तो पूल कशाला होता?’ असं विचारलं, तर कॅमेरा भाड्यानं घ्यायला हरकत नाही.