मल्टिसेशन सीडीवरच्या जुन्या फाइली दिसत नसतील तर

मल्टिसेशन सीडीवर फाइली वेगवेगळ्या वेळी, टप्प्याटप्प्याने लिहिलेल्या असतात; अशा प्रत्येक टप्प्याला सेशन म्हणतात. लिनक्स सीडी माउंट करताना (म्हणजे फाइली वाचण्यासाठी जोडताना) शेवटचं सेशन उघडतं. ते लिहिताना आधीच्या सेशनची नोंद सोबत घेतली नसेल, तर जुन्या फाइली डिस्कवर शाबूत असूनही दिसत नाहीत. डिस्क टाकून देऊ नका!

सीडीरेकॉर्ड (cdrecord) या सीडी लिहिण्याच्या प्रोग्रॅमच्या 'टॉक' (-toc) पर्यायाने प्रत्येक ट्रॅकचा, म्हणजे सेशनमधल्या सलग लिहिलेल्या पट्ट्याचा, आरंभ-सेक्टर (तो डिस्कवर जिथे सुरू होतो तो आकडा) टिपून घ्या. आधी डिस्क अनमाउंट करा. मग आयसो ९६६० (iso9660, सीडीवर फाइली मांडायची पद्धत) हा प्रकार सांगून, 'एसबीसेक्टर' (sbsector) पर्यायात हव्या त्या सेशनच्या पहिल्या ट्रॅकचा आकडा देऊन पुन्हा माउंट करा. पहिल्या सेशनसाठी ०. 'सेशन' (session) पर्यायही आहे, पण कर्नल (लिनक्सचा गाभा) त्यात दिलेला आकडा ट्रॅक-क्रमांक समजतो; एका सेशनमध्ये दोन ट्रॅक असले की गफलत होते.

सेशन बंदच झालं नसेल, तर बरेच ड्राइव्ह डिस्क वाचत नाहीत. ती ज्या रायटरवर लिहिली तिथेच सेशन बंद करणारा सीडीरेकॉर्डचा 'फिक्स' (-fix) पर्याय चालवा.