डिसेक्शन हॉलला जाताय? आधी नाश्ता करा

मेडिकल कॉलेजात मृतदेहाचं विच्छेदन शिकवतात त्या हॉलमध्ये पहिल्या दिवशी उपाशीपोटी जाऊ नका. भोवळ येते ती बऱ्याचदा मृतदेह बघून नव्हे, रिकाम्या पोटी तासभर उभं राहून. मृतदेह टिकवायला वापरतात त्या फॉर्मॅलिनने डोळे चुरचुरतात, म्हणून कॉन्टॅक्ट लेन्सऐवजी चष्मा लावा. गरगरलं तर लाजायचं नाही, सरळ खाली बसायचं.

हाडं मात्र पहिल्या आठवड्यापासूनच हाताळा. क्लॅव्हिकल (गळ्याखालचं आडवं हाड, कॉलरबोन) घ्या: चपटं टोक खांद्याकडे, जाडसर टोक छातीच्या मध्याकडे, त्या बाजूचा बाक पुढे फुगलेला, लांबट खोबण खाली. तसंच ते स्वतःच्या गळ्याखाली धरा. डावं की उजवं लगेच कळतं. व्हायव्हात (तोंडी परीक्षेत) हाड हातात दिलं की बहुतेक वेळा आधी हेच विचारतात. नुसती चित्रं पाठ करणारे तिथेच अडकतात (मीही अडकलो होतो).