बारीक धातुकामासाठी छोटे मिलिंग मशीन निवडताना

छोटे मिलिंग मशीन, म्हणजे फिरत्या कटरने धातू कापणारे यंत्र, पाहायला जाण्यापूर्वी, गेल्या वर्षभरात कानस आणि ड्रिलच्या भरवशावर आपण कोणकोणते भाग बनवले ते एका ताटात मांडावेत आणि त्यांतील सर्वांत मोठा व सर्वांत बारीक असे दोन भाग बाजूला काढावेत. माझ्या ताटात छोट्या वाफेच्या इंजिनाचा ६० मिमी लांबीचा पितळी ठोकळा सर्वांत मोठा निघाला आणि त्याच ठोकळ्यात वाफ शिरण्यासाठी केलेली दीड मिमी रुंदीची खाच सर्वांत बारीक. या दोन मापांच्या बाहेरचे काम आपण क्वचितच करतो, हे एकदा मान्य केले की टेबलाची लांबी किंवा मोटारीचे वॅट यांनी भुलण्याचे कारण उरत नाही.

सांगलीकरांना तर मोठ्या मशीनचा हव्यास धरण्याचे कारण आणखी कमी आहे, कारण कुपवाड आणि मिरजेची औद्योगिक वसाहत हाकेच्या अंतरावर आहे. जाड पोलादी प्लेट सपाट करून घ्यायची असेल किंवा ठोकळा काटकोनात आणायचा असेल, तर ते काम तिथे जॉबवर्कला देता येते. घरच्या मशीनने फक्त पुढचे नाजूक काम करायचे असते. म्हणून ते लहान असले तरी चालेल, पण ताठ असलेच पाहिजे.

ताठपणा कॅटलॉगमध्ये छापलेला नसतो. माझे पहिले मशीन मी जुन्या बाजारातून, रंग आणि ३५० वॅटची पाटी पाहून घेतले. त्याचा डोके पेलणारा खांब तळाशी एकाच मोठ्या नटवर आवळलेला होता. पितळ ते गोडीने कापत असे, पण पोलादाला कटर लागताच खांब थरथरू लागे आणि कापलेल्या पृष्ठभागावर माशाच्या खवल्यांसारखे वळ उमटत. तेव्हापासून मी डायल गेज, म्हणजे शतांश मिमीची हालचाल काट्यावर दाखवणारे मापयंत्र, खिशात घेतल्याशिवाय मशीन पाहायला जात नाही.

डायलचे बूड टेबलावर घट्ट बसवून टोक स्पिंडलला, म्हणजे कटर धरून फिरवणाऱ्या दांड्याला, लावावे, स्पिंडल हाताने बेताच्या जोराने ढकलावे आणि सोडून द्यावे. काटा दोन-तीन शतांश मिमी सरकला, तर घाबरू नये. छोट्या मशीनमध्ये तेवढे होणारच. खरी गोष्ट पाहायची ती सोडल्यावरची. काटा पुन्हा शून्यावर आला, तर धातू फक्त वाकला होता. तो मधेच थांबला, तर कुठला तरी जोड घसरतो आहे किंवा सरकपट्टीची गिब, म्हणजे तिचा घट्टपणा ठरवणारी पट्टी, ढिली आहे. गिब आवळून फरक पडतो का, हे तिथेच पाहून घ्यावे. गोल खांबाचे मशीन मात्र या कामासाठी टाळलेलेच बरे, कारण कटर बदलताना डोके वर घेतले की ते खांबाभोवती किंचित फिरते आणि आधी लावलेले माप हातचे जाते.

यानंतर टेबल सरकवणाऱ्या स्क्रूचा प्ले, म्हणजे मोकळी चाल, पाहावा. हँडव्हील एका दिशेने फिरवून टेबल सरकू द्यावे, मग उलट फिरवावे आणि काटा हलेपर्यंत चाकावरचे किती भाग वाया जातात, ते मोजावे. पाच ते दहा शतांशांचा प्ले असेल, तर नेहमी एकाच बाजूने मापावर येण्याची सवय लावून काम निभावते. तो प्ले टेबलाच्या मध्यावर जास्त आणि टोकाला कमी येत असेल, तर स्क्रू मधोमध झिजलेला आहे, असे समजावे.

स्पिंडलच्या दर मिनिटाच्या फेऱ्यांचा हिशेब सोपा आहे. कापण्याचा वेग मिनिटाला मीटरमध्ये धरून त्याला १००० ने गुणावे आणि कटरच्या परिघाने, म्हणजे व्यास गुणिले ३.१४ ने, भागावे. हायस्पीड स्टीलच्या कटरने माइल्ड स्टील कापताना वेग २५ मीटर धरला, तर ३ मिमीच्या कटरला सुमारे २६५० फेऱ्या लागतात आणि १ मिमीच्या कटरला जवळजवळ ८०००. प्रॉक्सनचे एमएफ ७० हे १०० वॅटचे जर्मन मशीन ५००० ते २०,००० फेऱ्यांवर चालते; त्यामुळे पितळ, ॲल्युमिनियम आणि अगदी बारीक कटर यांसाठी ते उत्तम आहे, पण पोलादावर ३ मिमीचा कटर त्याच्या सर्वांत कमी वेगालाही ४७ मीटरने धावतो आणि त्याची धार लवकर जाते. शेरलाइनचे मशीन साध्या पुलीवर ७० ते २८०० फेऱ्या देते. तिथे १ मिमीचा कटर हळू चालतो, काम वेळ घेते, पण बिघडत नाही. माझा कल दुसऱ्या प्रकाराकडे आहे.

स्पिंडलखालच्या उंचीने अनेक जण फसतात. कॅटलॉगमध्ये २०० मिमी लिहिलेले असते. त्यातून काम पकडणाऱ्या वाईसचे ५५, कटर आवळून धरणाऱ्या कोलेटच्या होल्डरचे ५० आणि बाहेर निघालेल्या कटरचे २५ वजा केले की ७० उरतात. ड्रिल चक लावला की तेवढेही उरत नाहीत.

वजनाचा विचार सांगलीत जरा वेगळा करावा लागतो. आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट आहे आणि २०१९ च्या महापुरात पाणी तिच्याही कितीतरी वर चढले होते. गावभागात तळमजल्यावर कार्यशाळा असेल, तर शेरलाइनसारखे पंधरा किलोच्या आसपासचे मशीन एकटा माणूस माडीवर नेऊ शकतो. सीग एक्स२ च्या वर्गातले पन्नास-साठ किलोचे मशीन दोघांनी मिळून, आणि तेही खांब सोडवून, न्यावे लागते. लिलावात स्वस्त मिळालेले जुने कारखान्याचे मशीन मात्र पाण्यातच राहते.

वाईस, कोलेट, क्लॅम्प, डायल आणि कटर यांना मशीनइतकाच खर्च येऊ शकतो, तो आधीच बाजूला काढून ठेवावा. ईआर ११ किंवा ईआर १६ या मापाचे कोलेट बसवता येईल असेच स्पिंडल पाहावे. पहिल्यात ७ मिमीपर्यंतचा आणि दुसऱ्यात १० मिमीपर्यंतचा कटर बसतो.

पैसे देण्यापूर्वी ३ मिमीचा नवा, दोन धारांचा एंडमिल (टोकाने आणि कडेने कापणारा कटर) सोबत न्यावा आणि माइल्ड स्टीलच्या तुकड्यात अर्धा-अर्धा मिमी उतरवत दोन मिमी खोल, वीस मिमी लांब खाच समोरच कापून घ्यावी. त्या खाचेत ३ मिमीची डॉवेल पिन, म्हणजे अचूक व्यासाची पोलादी खिळी, आडवी ठेवून नखाने हलवून पाहावी. ती डुगडुगली, तर स्पिंडल किंवा कोलेट नेमक्या मध्यावर न फिरता डगमगत फिरते आहे. कोलेट बदलून पुन्हा एक खाच कापावी, आणि तरीही पिन हलली, तर पाकीट खिशातच ठेवून घरी परतावे.