बरणीत फॉर्मेलिन ओतण्याआधी

सोलापुरात राहून समुद्रातल्या प्राणिप्लवकांच्या, म्हणजे पाण्याबरोबर वाहणाऱ्या बारीक प्राण्यांच्या, परजीवींवर काम करते म्हटलं की प्रश्न ठरलेला, 'काय बे, हिप्परग्याला समुद्र आला का?' हिप्परगा म्हणजे आमच्या सोलापूरजवळचा तलाव. हसायचं नि सोडून द्यायचं. सॅम्पल एकदा नीट आणलं की पुढचं काम मायक्रोस्कोपखालीच.

मी नीट आणलं नव्हतं.

रत्नागिरीला होडीतून 200 मायक्रॉन (0.2 मिमी) छिद्रांची जाळी ओढली, आलं ते सगळं एका बरणीत, वरून फॉर्मेलिन, म्हणजे मेलेले प्राणी टिकवायचं द्रावण. सगळे तसंच करतात म्हणून. परतीच्या एसटीत झाकण गळलं, कंडक्टर डोळे पुसत माझ्यावर ओरडला, ते वेगळंच.

शोधत होते ब्लास्टोडिनियम. कोपेपॉड म्हणजे प्राणिप्लवकांतले कोळंबीच्या नात्यातले इवले प्राणी; त्यांच्या आतड्यात राहणारा हा डायनोफ्लॅजेलेट, म्हणजे एकपेशीय जीव. फ्रेंच शास्त्रज्ञ शातों यांनी 1906 मध्ये त्याचं वर्णन केलं. मादीत शिरला की तिची अंडी धरत नाहीत. आतड्यात मळकट पट्टा दिसला की परजीवी सापडला म्हणून मी वहीत फुली मारायची. चार महिने फुल्याच फुल्या. मग सेमिनारला बाहेरून आलेल्या एक बाई म्हणाल्या, "अगं, यातलं बरंचसं त्यांचं जेवण आहे."

फॉर्मेलिनमध्ये प्राणी भरल्या पोटी मरतो आणि रंग उतरतात. खाल्लेलं शेवाळ कुठलं नि परजीवी कुठला, नवख्या डोळ्याला कळत नाही. डीएनएवरून ठरवू म्हटलं, तर फॉर्मेलिनने त्याचीही वाट लावलेली. डीएनए तपासायच्या जेलवर एक पट्टी उठेल तर शपथ.

तेव्हा होडीतच सॅम्पलचे तीन वाटे करा. पुन्हा सांगते, होडीत; लॅबमध्ये आल्यावर नाही. एक फॉर्मेलिनमध्ये, मोजणीसाठी. दुसरा 95 टक्के इथेनॉलमध्ये, डीएनएसाठी. दुसऱ्या दिवशी ते इथेनॉल बदला, प्राण्यांच्या अंगातल्या पाण्याने ते पातळ होतं. तिसरा जिवंत, थंड डब्यात, आणि तो त्याच दिवशी किनाऱ्यावरच बघायचा. गाळलेल्या समुद्राच्या पाण्यात दोनेक तास उपाशी ठेवा. जेवण विष्ठेतून निघून जातं, ब्लास्टोडिनियम जागचा हलत नाही. एवढंच होतं! माझ्या गाइडना हे ठाऊक होतं. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. माझं स्पष्ट मत, मोठ्या नावाच्या गाइडपेक्षा स्वतः जाळी धुणारा गाइड गाठा. आणि फोटोवरून नाव सांगणारी ॲप फोनमधून आजच काढा.

घाबरू मात्र नका. सुरुवात एलोबिओप्सिस या दुसऱ्या परजीवीपासून करा. तो बाहेरूनच दिसतो, शृंगिका (डोक्यावरच्या मिशा) नाहीतर तोंडाजवळच्या अवयवांवर देठ रोवून बसलेला, इवल्या दुधीसारखा. जुन्या फॉर्मेलिनमध्येही ओळखू येतो. समुद्रावर जाण्याआधी हिप्परग्याचं पाणी आणून बघा. तिथल्या कोपेपॉडवर व्हॉर्टिसेला हा घंटेसारखा एकपेशीय जीव दिसला तर उड्या मारू नका, तो परजीवी नव्हे. नुसता पाठीवर बसून फिरतो, स्वतःचं अन्न पाण्यातून स्वतः गोळा करतो. माझ्या वाया गेलेल्या बरणीत पुढे एलोबिओप्सिसवाले तीन कोपेपॉड सापडले. प्रबंधातलं दुसरं प्रकरण त्या तिघांवरच उभं आहे.