मोडलेली मराठी अक्षरं दुरुस्त करताना

पहिल्या नोकरीत एक जुना सॉफ्टवेअर प्रोजेक्ट माझ्या गळ्यात पडला. त्यातल्या मराठी कॉमेंट आणि लेबलं वाचताच येत नव्हती. 'क'च्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए, मग चलनाचं गोल चिन्ह, मग एक ठिपका. मी घाईत पायथनची स्क्रिप्ट लिहिली, एरर नको म्हणून 'इग्नोर' लावलं आणि अख्खं फोल्डर त्यातून काढलं. एरर आली नाही, पण न जुळणारे बाइट (फाइलमधले आकडे, ज्यांतून अक्षरं बनतात) गुपचूप गळून गेले. मूळ प्रत होती म्हणून निभावलं.

तेव्हापासून मी आधी फाइल हेक्समध्ये, म्हणजे कच्चे बाइट दिसतील अशी, उघडते. यूटीएफ-८ या एन्कोडिंगमध्ये (अक्षरांना बाइट नेमून देणाऱ्या पद्धतीत) देवनागरीचं प्रत्येक अक्षर ३ बाइटचं असतं, सुरुवात 'ई० ए४' किंवा 'ई० ए५'. हे बाइट जसेच्या तसे दिसले तर फाइल धडधाकट आहे, एडिटर ती चुकीच्या एन्कोडिंगने उघडतोय. तिला हात लावू नका. 'सी३ ए० सी२ ए४' दिसलं तर कुणीतरी ती विंडोज-१२५२ (रोमन लिपीसाठीचं जुनं एन्कोडिंग) समजून उघडली आणि पुन्हा यूटीएफ-८ मध्ये सेव्ह केली. ही परत आणता येते. नुसती प्रश्नचिन्हं साठली असतील तर मात्र मजकूर गेला, बॅकअप शोधा.

परत आणायचं म्हणजे उलटा प्रवास: मजकूर विंडोज-१२५२ मध्ये एन्कोड करायचा, मग यूटीएफ-८ म्हणून डीकोड. इथे मी दोन दिवस अडले. साधे शब्द सुधारायचे, जोडाक्षर आलं की स्क्रिप्ट कोसळायची. हलन्ताचा शेवटचा बाइट '८डी', आणि विंडोज-१२५२ मध्ये ती जागा रिकामी! अशा ५ रिकाम्या जागा आहेत. पहिला उकार, झ, ए, ऐ हेही त्यांतच सापडतात. म्हणून एकेक अक्षर घ्यायचं आणि विंडोज-१२५२ ने नकार दिला तर तेवढ्यापुरतं लॅटिन-१ (त्याचंच भावंड, पण एकही जागा रिकामी नसलेलं) वापरायचं.

लॅटिन-१ ने फाइल 'ओळखायला' जाऊ नका, तो कुठलाही बाइट बिनतक्रार स्वीकारतो. पायथनमध्ये फाइल उघडताना 'न्यूलाइन' या पर्यायाला रिकामी स्ट्रिंग द्या, नाहीतर ओळींचे शेवट बदलतात आणि गिटमध्ये (कोडमधले बदल नोंदवणाऱ्या साधनात) सगळी फाइल बदललेली दिसते. एन्कोडिंगचा कमिट, म्हणजे त्या बदलाची गिटमधली नोंद, वेगळाच ठेवा. कृतिदेवसारख्या फॉन्टमधला मजकूर असेल तर हा उपाय चालत नाही, तिथे बाइट रोमन अक्षरांचेच असतात आणि मराठी फक्त फॉन्टमध्ये असतं. त्याला अक्षरांचा तक्ता लागतो.

स्क्रिप्ट दुसऱ्यांदा चालवली तर एकही फाइल बदलता कामा नये. मी ही चाचणी आधी लिहिते, दुरुस्ती नंतर.